मोळीची शर्यत

सविता : खुर्ची नको सर. एकदा बसले की उठवत न्हाई, कंबर धरती माजी. आन साडेतीनची एस्टी गाठायचीय मला. तुमी फकस्त यवढं करा, त्यो खेळ बंद करा.

सर : ताई, आधी पाणी तरी घ्या. धाप लागलीय तुम्हाला. कोणाच्या आई तुम्ही?

सविता : मोनिकाची. आठवी ब.

सर : अरे, मोनिकाच्या आई! मग तर बसावंच लागेल. पण तुम्ही ऊसतोडीला गेलाय ना? ती म्हणाली, आई-पप्पा देवळाली प्रवऱ्याला आहेत, मी आजीजवळ राहते.

सविता : तिथंच हाय आमची टोळी. पहाटं निघाले. दाढ दुखती म्हनलं, नगरला दवाखान्यात जाते म्हनलं, गालाला फडकं बांधलं आन चालू पडले. नगरच्या स्टँडवर फडकं सोडलं आन पाथर्डीच्या गाडीत बसले.

सर : म्हणजे दाढ दुखत नाही?

सविता : दाढा समद्या जागच्या जागी हायत. डोकं दुखतंय. तुमच्या त्या खेळापायी.

सर : कबड्डीबद्दल म्हणत असाल तर मुलींची कबड्डी मी दिवाळीपासून बंदच ठेवलीय. एकीचा गुडघा फुटला, तर तिची आजी इथं येऊन तासभर बोलली मला. ह्या खोलीतच. शिपाईसुद्धा ऐकत उभा राहिला.

सविता : कबड्डी न्हाई. मोळी.

सर : मोळीची शर्यत? अहो ताई, वजनाची काळजी सोडा. ऊस नाहीच तो. तुराट्या आहेत, वाळलेल्या. अख्खी मोळी चार किलो भरत नाही. पोरांची दप्तरं जड असतात त्याहून.

सविता : वजनाचं कोन बोललं?

सर : मग फळीचं का? फळीवर मी स्वतः उभा राहून पाहिलंय. जमिनीपासून स्टेजपर्यंत, उंची किती, तीन फूट. खाली दोन्ही बाजूंना पोरं उभी करतो.

सविता : फळीचं बी न्हाई सर. तुमी खेळ म्हनून लावलंय ना, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं टरकात चढायचं, ते आमचं काम हाय काम.

सर : हो, म्हणूनच तर लावलं! ऐका ना ताई. मी केडगावचा. इथं नोकरीला येईपर्यंत ऊस मी फक्त रसवंतीत पाहिलेला. इथं आलो, बघतो तर खेळाचं सामान म्हणजे एक फाटका व्हॉलीबॉल आणि दोऱ्या. वर्गातली निम्मी पोरं टोळीवाल्यांची. म्हटलं, ह्यांच्या घरातलाच खेळ का करू नये? मोळी उचलायची, डोक्यावर घ्यायची, पळत जायचं, फळीवरून चढायचं, वर नेऊन टाकायची. सेकंद मोजायचे. पोरं वेडी झाली हो. सव्वीस जानेवारीला पाहुण्यांसमोर करून दाखवणार आहोत. आई-बापाच्या कष्टाला मान मिळतो त्यानं.

सविता : मान? माजी मान बघा. डावीकडं वळत न्हाई. कुनी हाक मारली तर आख्खी फिरते मी, बैलगाडीवानी. त्यो मान तुमालाच ऱ्हाऊ द्या.

सर : तसं नव्हतं म्हणायचं मला.

सविता : तुमी मानूस वाईट न्हाई, मला दिसतंय. पर तुमी त्यो व्हिडिव काढून पाठीवला.

सर : पालकांच्या ग्रुपवर टाकला. प्रत्येक खेळाचा टाकतो. बाहेरगावी असलेल्या आई-बापांना पोरं दिसावीत म्हणून. आणि खरं सांगू, तुमच्या घरातून जेवढं कौतुक येतं तेवढं कोणाच्याच घरून येत नाही. मोनिकाचे काका तर प्रत्येक व्हिडिओला अंगठा देतात. परवा त्यांनी मुद्दाम लिहून विचारलं, किती सेकंद लागले म्हणून. मी लगेच कळवलं, एकोणीस.

सविता : काका? तिचा काका अजिनाथ. त्याच्याजवळ साधा डबडा फोन हाय, बटनाचा.

सर : अहो, हे बघा ना. सूर्यभान. सूर्यभान काका.

सविता : त्यो काका न्हाई सर. त्यो आमचा मुकादम हाय.

सर : मुकादम?

सविता : टोळी त्याची. आमाला सीझनआधी पैशाची उचल त्यानं दिली, गाडी त्याची, ऱ्हायाच्या कोप्या त्यानं घालून दिल्या. मोनीचं नाव शाळंत घातलं तव्हा बाईंनी नंबर इचारला. आमच्या फोनला कवा चार्जिंग न्हाई, कवा रेंज न्हाई. मुकादमाचा फोन कायम चालू. मंग मोनीचे पप्पा म्हनले, त्याचाच लिवा, निरोप तरी मिळंल. आमच्या गावातल्या धा घरांनी त्याचाच नंबर दिलाय शाळंत.

सर : म्हणजे मी इतके महिने मुकादमाला व्हिडिओ पाठवतोय.

सविता : व्हय. आन त्यो संध्याकाळी कोप्यांम्होरं येऊन फोन समद्यांस्नी दावतो. परवा दावला. मोनी मोळी घेऊन पळती, फळीवर चढती. समदी टोळी बघत हुती. खोटं कशाला बोलू, पयलं मला हसूच आलं. लई बरं वाटलं. म्हनलं, बया, ही तर हुबेहूब माजी चाल! मंग मुकादमाचं तोंड बघितलं. त्यो हसत नव्हता. त्यो मोजत हुता.

सर : काय मोजत होता?

सविता : पोरीला. अजिनाथची बायको, रेश्मा, बाळंतपनाला माहेरी गेली. त्याचा कोयता अर्धा पडलाय. एकानं तोडायचं, एकानं मोळ्या बांधून व्हायच्या, तव्हा कोयता पुरा व्हतो. मुकादम मोनीच्या पप्पांस्नी म्हनला, आंगद, पोरगी तयार झाली की तुजी. एकोनीस सेकंदात फळी चढती. चुलत्याच्या जोडीला दे, सीझन हाय तवर. रविवारी माजा टेम्पो गावाकडं चाललाय, त्यात घालून आनतो.

सर : ह्या रविवारी? आणि मोनिकाचे पप्पा काय म्हणाले?

सविता : काय म्हनत्याल? खाली बघून बिडी वडली. मंग रातच्याला मला म्हनले, तीन म्हैन्याची तर गोष्ट हाय, शाळा कुठं पळून चालली. सर, तिचा बाप बी शाळंतून असाच तीन म्हैन्यासाठी आला हुता. सातवीत.

सर : मी आत्ता फोन करतो त्यांना. चौदा वर्षांची मुलगी आहे ती, कायद्यानं सुद्धा...

सविता : करा. त्ये व्हय सर, व्हय सर म्हनत्याल. शेजारच्या वस्तीवरच्या पोरीच्या बापाला मराठीच्या बाईंनी दोन वर्सामागं असंच समजावलं हुतं. व्हय बाई म्हनला, हात जोडलं, आन सोमवारी पोरगी टेम्पोत. कायद्याचं सांगाल तर मुकादम पुढल्या साली आमाला टोळीत घेनार न्हाई. मंग आमी दोघं कुठं जायचं?

सर : मग मी करू तरी काय? खेळ बंद करतो, आजपासून. पण बंद करून त्याने पाहिलेलं कसं पुसणार?

सविता : म्हनून तर आले. तुमी अजून एक व्हिडिव काढा. त्यात ती पडली पायजे.

सर : काय?

सविता : मोळी घेऊन फळीवरनं पडली पायजे. पाय लटपटलं पायजेत. बघनारानं म्हनलं पायजे, छ्या, ही काय कामाची न्हाई. आन तुमी त्यो ग्रुपवर टाकायचा, रोजच्यावानी.

सर : ताई, मी खेळाचा मास्तर आहे. पोरांना पडायचं नाही हे शिकवतो मी. आणि तिला कसं सांगू? ती पहिली येते ह्या एका गोष्टीत. गणितात नाही, इंग्रजीत नाही. ह्यात येते.

सविता : ते मी सांगते. तुमी फकस्त तिला बोलवा. आन मला एक सांगा, तिला हे शिकवलं कुनी? म्या तिला जल्मात कवा मोळीला हात लावू दिला न्हाई. चार वर्साची हुती तव्हापासून कोपीत बसवून ठिवायची मी तिला, बाहेर निघालीस तर तंगडी तोडीन म्हनायची.

सर : कोणी नाही शिकवलं. उलट तिनं मला शिकवलं. पहिल्या दिवशी मी पोरांना मोळी काखेत धरून पळायला लावलं. ही हसत सुटली. म्हणाली, सर, मोळी अशी न्हाई उचलत. ओढणीची चुंबळ केली, एक गुडघा टेकला, मान ताठ, आणि एका झटक्यात डोक्यावर. फळीची कल्पनाही तिचीच. म्हणाली, फळीशिवाय मजा न्हाई.

सविता : कोपीच्या दारातनं बघायची ती. बघून बघून शिकली.

सर : मोनिका! आठवी बमधून मोनिकाला पाठवा रे कोणीतरी.

मोनिका : सर, बोलावलं? ...आई! आई, तू कवा आलीस? खाडा केलास? पप्पा कुठंयत?

सविता : पप्पा तिथंच हायत. हळू बोल, मिठी मार, पर कंबरंला हात लावू नको. वेणी कुनी घातली तुजी? आज्जीनं?

मोनिका : मीच. आज्जीला आता दिसत न्हाई नीट. आई, तू व्हिडिओ बघितलास का? बघितलास ना? एकोणीस सेकंद! पोरांच्यात सुद्धा कुणी न्हाई. करण बावीसला येतो, त्यो तर केवढा धिप्पाड हाय.

सविता : बघितला.

मोनिका : मला म्हाईतच हुतं. मुकादम दाखवतो ना सगळ्यांना. म्हणून मी वर गेल्यावर मोळी टाकून हात केला. दिसला का? तुलाच केला हुता.

सविता : दिसला.

मोनिका : मग तू अशी का बघतीस? सर, आई रागावलीय का?

सर : नाही गं. तू बस. तुझी आई काहीतरी सांगणार आहे, नीट ऐक.

सविता : मोने, मुकादम तुला न्यायचं म्हनतोय. काकाच्या जोडीला. रविवारी टेम्पो येनार हाय.

मोनिका : मला? तिकडं? तुमच्याकडं?

सविता : व्हय.

मोनिका : मग येते की.

सविता : काय म्हनलीस?

मोनिका : येते. काय झालं मग? तिथं तू हाईस. इथं आज्जी संध्याकाळी सातला झोपती, मी एकटी बसते. तिथं तुझ्या हातची भाकर तरी मिळंल. मला येतंय सगळं, आई. मी तुझ्या निम्म्या मोळ्या वाहीन, तुझी कंबर...

सविता : गप. गप बस! माज्या कंबरंचं मी बघीन. सर, बघा, ही म्हनती येते. वाटलंच हुतं मला.

सर : मोनिका, हे चार किलोचं आहे बाळा. तिकडे वीस-पंचवीस किलो असतं. दिवसभर.

मोनिका : म्हाईती हाय सर. मी लहानपणापासून बघती.

सविता : बघती! दारातनं काय दिसतं गं तुला? मोळी वर चाललेली दिसती. रातच्याला मी कूस कशी वळते ते दिसतं का? मोने, मी सांगते ते ऐक. आता भाईर जायचं, मोळी घ्यायची, फळीवर चढायचं आन पडायचं. सर व्हिडिव काढत्याल.

मोनिका : पडायचं? मुद्दाम?

सविता : मुद्दाम.

मोनिका : सगळ्यांच्या ग्रुपवर? करणची आई बघंल, मराठीच्या मॅडम बघतील. मी न्हाई. सर, तुम्ही सांगा ना तिला. तुम्हीच म्हणाला हुता सव्वीस जानेवारीला मी पहिली पळणार.

सर : म्हणालो होतो. आता म्हणतो, पड. मी चुकलो मोनिका. मला वाटलं मी तुझं कौतुक दाखवतोय लोकांना. मला माहीत नव्हतं कोण कशासाठी बघतंय.

मोनिका : आई, मी हरले तर तू तिथं येकटीच ऱ्हाशील.

सविता : ऱ्हाईन. मला सवय हाय. रडू नको, तोंड पूस, व्हिडिवात रडकं तोंड दिसंल आन मुकादम लई हुशार हाय.

(शाळेमागचं मैदान. दुपारचे अडीच. फळीखाली सरांनी चार बारदानं अंथरली आहेत.)

सर : बारदानं दिसायला नकोत, मी फळीच्या वरचंच घेतो. मोनिका, डावीकडे पड, उजवीकडे दगड आहेत. तयार? चल.

सविता : चाल... हां... आता पड. पड की! मोने, पड!

सर : गेली वर. पोचलीसुद्धा. अगं, हे काय?

मोनिका : सर, पडताच येत न्हाई. फळीवर पाय पडला की पाय आपोआप चालतात.

सर : परत. ह्या वेळी मधेच थांब आणि सोडून दे. चल... थांब... हां. नाही, हे नाही चालणार ताई. ही पडली नाही, बसली. खुर्चीवर बसल्यासारखी.

सविता : मुकादम एका नजरंत वळखंल. इकडं ये मोने. माज्याकडं बघ. असं न्हाई पडत मानूस. उजवा पाय म्होरं टाकला, की डाव्याखालची फळी सरकती. मोळी आधी कलती, मंग मान, मंग आपन. आन ध्यानात ठेव, हात सोडत न्हाईत मोळी. हात मोळीलाच धरून ऱ्हात्यात, म्हनून तर मानूस तोंडावर येतं. कंबर अशी मुरगळती. आन मंग उठायला येत न्हाई लगी.

मोनिका : तुला कसं म्हाईत?

सविता : म्हाईत हाय.

मोनिका : आई, तू पडली हुतीस?

सविता : मागल्या साली. दव पडलं हुतं, फळी वली हुती.

मोनिका : तू म्हणालीस उसण भरली. फोनवर म्हणालीस, वाकले आन उसण भरली, दोन दिसांत बरी व्हती म्हणालीस. मी आज्जीला सांगितलं, तिनं मीठ ओवाळलं फोनवरनं!

सविता : मंग काय सांगू? तू हितं वाचायचं सोडून रडत बसली असतीस. चल, ऊठ. तीन वाजायला आले.

मोनिका : किती उंचावरनं?

सविता : मोने, चल म्हनते ना.

सर : मोनिका, नको वाटत असेल तर राहू दे. आपण दुसरं काहीतरी...

मोनिका : न्हाई सर. काढा. मला कळलं आता कसं ते. फोन धरा.

सर : चल.

सविता : सावकाश... उजवा... अगं बया! मोने! लागलं का? मोने!

सर : बारदानावर पडलीय, बारदानावर आहे. थांबा, मी उचलतो. हात बघू. कोपर खरचटलंय, बाकी काही नाही. हाड शाबूत आहे. मोनिका, बोल काहीतरी.

मोनिका : आलं का नीट?

सर : आलं गं. बघवत नाही इतकं नीट आलं.

सविता : दावा मला. ...व्हय. असंच. अगदी असंच. पाठवा.

सर : वर काय लिहू?

सविता : रोज काय लिवता?

सर : शाब्बास मोनिका.

सविता : मंग आज काय बी लिवू नका.

सर : गेला. आता वाट पाहायची.

मोनिका : सर, ग्रुपवर आधी कोण हसलं ते सांगू नका मला.

सर : कोणी हसलेलं नाही. करणच्या आईनं विचारलंय, लागलं का म्हणून. मोनिका, इकडे बघ. मी पंधरा वर्षं खेळलोय, सात वर्षं शिकवतोय. आजच्याएवढं अवघड काही कोणाला करायला लावलेलं नाही मी. हे मी ग्रुपवर लिहू शकत नाही, म्हणून तुला तोंडावर सांगतो.

मोनिका : पण वहीत माझे एकोणीसच ठेवा सर. खोडू नका.

सर : नाही खोडणार.

सविता : किती वाजले? बघितला का त्यानं?

सर : तीनला पाच कमी. कोणी पाहिलं त्या यादीत त्याचं नाव आलंय, म्हणजे उघडलाय. लिहितोय काहीतरी. थांबला. परत लिहितोय.

सविता : इकडं द्या फोन. न्हाई, तुमीच वाचा, मला ते बारीक दिसत न्हाई.

सर : आलं. हे बघा, लिहिलंय, 'मास्तर, पोरगी लई कवळी हाय अजून. मागं उगं नशिबानं चढली असंल. टेम्पोत जागा धरत न्हाई. दोन साल जाऊ द्या.'

मोनिका : नशिबानं? नशिबानं म्हणतोय त्यो?

सविता : म्हनू दे. काय म्हनायचं ते म्हनू दे त्याला.

सर : खाली अजून एक आलंय. 'तिचा बाप हितं हुबा हाय. इचारतोय पोरीला लागलं का.'

सविता : लिवा, न्हाई लागलं. ...आन लिवा, तिला आता परत मोळी उचलू देनार न्हाई म्हनून. तुमच्या नावानं लिवा. बरं वाटंल तिच्या बापाला.

सर : लिहिलं. ताई, तुम्ही रडताय?

सविता : न्हाई वो. दोन साल म्हनला ना त्यो? मोने, आठवी हाय ना तुजी?

मोनिका : आठवी.

सविता : मंजी धावी व्हती. बास झालं. चला सर, निघते मी. हे फडकं परत गालाला बांध गं मोने, घट बांध. दाढ उपटली म्हनून सांगनार हाय मी.

सर : थांबा, फाट्यापर्यंत गाडीवर सोडतो. आणि मोळी बंद म्हणजे बंद. पण तास तर घ्यावाच लागेल मला. तुम्हीच सांगा, काय खेळवू पोरांना?

सविता : मला काय कळतंय सर खेळातलं? कायबी खेळवा. फकस्त बघून कुनाला वाटलं न्हाई पायजे, की पोरगी कामाला आली.